सिस्टिम डायनॅमिक्सची संयुक्त मास्टर्स पदवी: नागपूरचं सत्र आधी ठरवा

प्रश्न असा आला आहे. नागपुरातल्या एका विद्यापीठ विभागाला युरोपातल्या एका विद्यापीठाने विचारलं, की सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेलिंगमध्ये (साठे, प्रवाह आणि विलंब यांमुळे एखादी व्यवस्था काळानुसार कशी बदलते, ते गणितात मांडून बघण्याचा विषय) दोन वर्षांची मास्टर्स पदवी आपण दोघांनी मिळून द्यायची का. विभागातल्या एका तरुण प्राध्यापकांवर हे काम आलंय. वरिष्ठ म्हणतात, सामंजस्य करारावर सह्या करून टाकू, अभ्यासक्रमाचं मागून बघू. सुरुवात कुठून करावी, क्रेडिटचं गणित कसं बसवावं आणि मंजुऱ्यांचं काय, असं त्यांनी विचारलंय.

सर, सह्यांची घाई थांबवता आली तर थांबवा. मी वीसेक वर्षं हा विषय शिकवते आहे आणि दोन संयुक्त अभ्यासक्रमांच्या उभारणीत होते. त्यातला पहिला उभा राहिलाच नाही. करार थाटात झाला होता: शाल-श्रीफळ, फोटो, पेपरात बातमी. पुढे दीड वर्ष नुसते ईमेल चालले. शेवटी आमच्या सत्रात शिकवायचे विषय कागदावर मांडले, तेव्हा लक्षात आलं की पाचपैकी चार विषय ते लोक आमच्यापेक्षा चांगले शिकवतात. त्यांच्या समन्वयकांनी अगदी सौजन्याने विचारलं, "आमच्या विद्यार्थ्याने चार महिने नागपुरात येऊन काय शिकायचं?" टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो, एकाकडेही उत्तर नव्हतं. एकही तुकडी निघाली नाही.

तो प्रश्न माझ्या मनात राहिला. दुसऱ्या वेळी आम्ही कामाला लागलो ते त्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं मला मनापासून सांगायचंय. तुमच्या सत्रात असं काय असेल, जे परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या गावात बसून शिकता येणार नाही? हे ठरलं की क्रेडिट, वेळापत्रक, करार यांची चर्चा सोपी होते, कारण दोन्ही बाजूंना आपण काय देतो-घेतो हे माहीत असतं.

याच विषयाचा एक नमुना युरोपात आहे, तो नीट बघा. नॉर्वेतलं बर्गेन, इटलीतलं पालेर्मो, पोर्तुगालमधलं लिस्बन आणि नेदरलँड्समधलं नायमेखन या गावांतल्या विद्यापीठांनी मिळून सिस्टिम डायनॅमिक्सची युरोपीय संयुक्त मास्टर्स पदवी उभी केली. दोन वर्षं, १२० युरोपीय क्रेडिट, आणि विद्यार्थी अभ्यासाबरोबर गाव बदलत जातो. बर्गेनला मॉडेलिंगचा पाया पक्का होतो, पालेर्मोची ओळख सार्वजनिक संस्थांचं व्यवस्थापन, लिस्बनची पर्यावरण, आणि नायमेखनची ओळख म्हणजे लोकांना एकत्र बसवून मॉडेल बांधणं. हे शेवटचं तंत्र याक फेनिक्स यांनी तिथेच वाढवलं. चौघांपैकी कुणीही दुसऱ्याची नक्कल करत नाही. तुमच्याकडे विचारणा करणाऱ्या विद्यापीठाला दुसरं बर्गेन नको असणार.

मग नागपूरकडे काय आहे? इथे मी जरा थांबून सांगते, कारण आपल्याच लोकांना ते दिसत नाही.

पहिलं पाणी. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणातून येतं. त्याच पाण्यावर पारशिवनी, रामटेक, मौद्याकडचं सिंचन आहे, आणि वीज केंद्रांचाही वाटा आहे. वर मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, चौराई धरण झालं आणि खाली येणारी आवक बदलली. जुलै २०१९ मध्ये या शहरात एक दिवसाआड पाणी आलं, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, तेही भोगलंय. चार वर्षांच्या अंतरात एकाच शहराचे हे दोन अनुभव. त्यात भर म्हणजे भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना, क्षमता रोजची १३ कोटी लिटर. त्यामुळे जे ताजं पाणी मोकळं झालं, ते खरंच धरणात शिल्लक राहतं, की वाढती मागणी ते गिळते? यावर विद्यार्थ्याचं सबंध सत्र जाऊ शकतं.

मी पहिल्या तासाला एक साधा आलेख देते. धरणात येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी, महिन्यागणिक. आवक ऑगस्टमध्ये सर्वात जास्त, मग उतरत जाते. जावक जवळजवळ सारखी. विद्यार्थ्यांनी साठ्याचा आलेख काढायचा. निम्म्याहून जास्त मुलं ऑगस्टनंतर साठाही उतरता दाखवतात. आवक उतरली असली तरी ती जावकेपेक्षा जास्त आहे तोवर साठा वाढतच असतो, हे हातातून निसटतं. यात आपल्या मुलांचा वेगळा दोष नाही. लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टरमन यांनी २००० मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांना बाथटबचं असंच गणित घातलं होतं, तिथेही गणित चांगलं शिकलेली मुलं चुकली. मी मग पगाराचं उदाहरण देते: पगार कमी झाला तरी खर्चापेक्षा जास्त असेल तर बँकेतली शिल्लक वाढतेच. हसतात, आणि पुढच्या आलेखात पुन्हा तीच चूक करतात. साठा आणि प्रवाह यांतला फरक अंगात मुरायला तीन-चार आठवडे लागतात. अभ्यासक्रम आखताना ते आठवडे वाचवायला जाऊ नका.

दुसरं, संत्रा. काटोल, नरखेड आणि पलीकडे वरुड-मोर्शी. बाजारात भाव चढला की लोक कलमं लावतात, पण झाड चांगलं फळ द्यायला पाच-सहा वर्षं घेतं. सगळ्यांची बाग एकदम फळावर येते, भाव पडतो, काही जण झाडं तोडतात, मग काही वर्षांनी पुन्हा टंचाई. विलंबामुळे चढउतार कसे तयार होतात, हे पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा इथे स्पष्ट दिसतं. त्याला जोडून भूजलाचं चक्र आहे. एकदा आमच्या मुलांना घेऊन वरुडकडच्या एका बागेत गेले होते. बागाईतदार काका म्हणाले, "पाणी खाली गेलं मॅडम, तं बोर खोल करा लागते. बाजूवाल्यानं नऊशे फुटावर नेला, तं मी काय पाचशेवर थांबू?" आमच्यासोबत आलेल्या परदेशी मुलीला मी ते वाक्य समजावून सांगितलं. तिने वहीत दोन बाण काढले, एकाचा बोर दुसऱ्याच्या बोराला खाली ढकलतोय असे, आणि म्हणाली की हे मी तीन महिने वर्गात शिकले, पण कळलं आज. मला वाटतं, त्या पहिल्या समन्वयकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बागेत मिळालं.

तिसरं, कापूस. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, देशात २००२ मध्ये आला, अशा दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. मॉडेलच्या भाषेत बोला तर अळीच्या संख्येत प्रतिकारक जनुकाचं प्रमाण हा एक साठा आहे. तो वर्षानुवर्षं गुपचूप भरत जातो आणि शेतात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बिगर-बीटी कापसाच्या आश्रय ओळी लावणं, म्हणजे प्रतिकार नसलेल्या अळ्याही जगू देणं, हा तो साठा हळू भरू देण्याचा उपाय होता. पण एका शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या ओळी म्हणजे आजचं नुकसान, आणि फायदा मिळणार तो सगळ्या गावाला, पुढे कधीतरी. त्यात फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच कापसाचं पीक शेतात, ठेवली की अळीला हंगाम संपल्यावरही खायला मिळतं. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था नागपुरात आहे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी, वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालय, सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. एवढ्या वेगवेगळ्या साठ्यांची माहिती असलेली माणसं एका गावात रिक्षाने गाठता येतात, अशी जागा मला दुसरी माहीत नाही.

विषयाचा जन्मही अशाच खऱ्या तक्रारीतून झाला. जे फॉरेस्टर मूळचे विद्युत अभियंता, संगणक बांधणारे. १९५६ मध्ये ते एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत आले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कधी तीन पाळ्या चालायच्या तर कधी निम्म्या लोकांना कामावरून कमी केलं जायचं, आणि दोष बाजारावर टाकला जायचा. फॉरेस्टरनी वहीवर आकडे मांडत दाखवलं, की मागणी स्थिर धरली तरी कारखान्याचे भरतीचे आणि मालसाठ्याचे स्वतःचे नियमच असे चढउतार निर्माण करतात. पुढे १९७२ चा जगाच्या वाढीच्या मर्यादांवरचा अहवाल वगैरे आला, पण मुळाशी एका व्यवस्थापकाची अडचण होती. तुमच्या अभ्यासक्रमातल्या प्रत्येक विषयाला अशी अडचण जोडलेली असावी.

वर्गातल्या खेळाचंही सांगते. या विषयात बिअरचा खेळ सगळीकडे खेळतात: किरकोळ विक्रेता, घाऊक, वितरक, कारखाना, आणि मागणीतला छोटा बदल मागे जाताना कसा फुगत जातो ते बघायचं. आम्ही तो युरियाच्या पोत्यांवर खेळतो. गावातलं कृषी सेवा केंद्र, तालुक्याचा विक्रेता, जिल्ह्याचा वितरक, खत कारखाना. पाऊस आठ दिवस लांबला, मग एकदम आला, एवढाच धक्का द्यायचा. वीस फेऱ्यांत गोदामं रिकामी होतात आणि मग ओसंडून जातात. परदेशी मुलांनाही हाच खेळ द्या, बिअरचा ते आधी खेळून आलेले असतात. खेळ संपल्यावर प्रत्येकाला मागणीचा आलेख अंदाजाने काढायला लावा. सगळे मोठ्या लाटा काढतात, आणि खरी मागणी एकदाच एक पायरी चढलेली असते.

आता वेळापत्रक. युरोपात पहिलं सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, दुसरं जानेवारी-फेब्रुवारीत. तुमच्याकडे येणारं सत्र जानेवारी ते एप्रिल ठेवा. मे महिन्याची आपली ४५ अंशांची दुपार त्या मुलांना झेपत नाही, हे एक कारण. खरं कारण शेताचं आहे. जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी आणि फरदडीचा निर्णय दिसतो, संत्र्याच्या आंबिया बहाराचं फुलणं दिसतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्याच मृग बहाराच्या फळांची तोड होते, आणि धरणात उन्हाळ्यासाठी किती पाणी राहिलं यावर शहर आणि शेती यांची ओढाताण सुरू झालेली असते. पहिलं सत्र मुलांनी तिकडे पायाभूत मॉडेलिंग शिकण्यात घालवावं, म्हणजे इथे पोहोचताना त्यांच्या हाताशी साधन असतं. आपली मुलंही पहिल्या सत्रात तिकडे जाणार असतील तर एक गोष्ट आजच तपासा: पदवीचे निकाल आणि प्रमाणपत्रं ऑगस्टआधी हातात पडतात का. एका वर्षी आमची दोन हुशार मुलं केवळ गुणपत्रिका वेळेत न मिळाल्याने राहिली. त्यांच्या घरी फोन करताना मला जे वाटलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

क्रेडिटचं गणित लोक घाईने करतात आणि पुढे अडकतात. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरले आहेत. युरोपात वर्षाचे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. तासांवरून बदल करायला गेलात तर आपला एक आणि त्यांचा एक क्रेडिट जवळपास सारखे येतात, आणि मग आपलं वर्ष त्यांच्यापुढे तोकडं दिसतं. वर्षाच्या हिश्शावरून बदल केला तर आपला एक म्हणजे त्यांचे दीड. दुसरी रीत धरा आणि ती कराराच्या परिशिष्टात लिहून घ्या, नाहीतर परीक्षा विभाग दर विद्यार्थ्यामागे नवा वाद घालेल. आपला चार क्रेडिटचा विषय त्यांचा सहाचा होतो, पाच विषयांचं सत्र २० आणि ३० असं चोख बसतं.

इथेच एक खड्डा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे संयुक्त पदवीत विद्यार्थ्याने प्रत्येक भागीदार संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. दोन वर्षांच्या ८० क्रेडिटमध्ये ते २४ होतात. एक सत्र म्हणजे २०. म्हणजे परदेशी विद्यार्थी फक्त जानेवारी ते एप्रिल इथे राहिला तर चार क्रेडिट कमी पडतात आणि आपल्या पदवीचा हक्क बसत नाही. आम्ही प्रबंधातलं क्षेत्रकाम वेगळं काढून सहा क्रेडिटचं केलं आणि त्याची नोंदणी नागपूरला ठेवली. एकच काम दोन्हीकडे मोजलं जाणार नाही असं आधी लिहून ठेवा. दोन भागीदार असतील तर हे सहज जमतं, तीन असतील तर ओढून-ताणून जमतं, आणि चार असतील तर प्रत्येकी ३० टक्के हे गणितातच बसत नाही. तसा बेत असेल तर दुहेरी पदवीचा विचार करा, तिथे किमान ३० टक्क्यांची अट भारतीय संस्थेतल्या क्रेडिटना आहे. संयुक्त पदवीत एकच प्रमाणपत्र दोघांच्या नावाने मिळतं, दुहेरीत दोघांची दोन. पालक दोन्ही शब्द एकच समजतात, म्हणून माहितीपत्रकात स्पष्ट लिहा.

मंजुऱ्यांचं थोडक्यात. त्याच विनियमांनुसार आपल्या संस्थेचं नॅक (उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय परिषद) मूल्यांकन किमान ३.०१ असेल, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात असेल, आणि परदेशी विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असेल, तर आयोगाची वेगळी परवानगी न घेता पुढे जाता येतं. दूरशिक्षण किंवा पूर्ण ऑनलाइन पद्धतीने ही पदवी देता येत नाही. अर्ध्यात सोडणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे क्रेडिट घेऊन बाहेर पडण्याची वाट ठेवावी लागते. अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद यांच्या बैठकांच्या तारखा आजच भिंतीवर लावा. प्रस्ताव एका बैठकीत चुकला की तुमचं एक वर्ष जातं.

पैशांबद्दल स्पष्ट बोला, पहिल्याच भेटीत. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत शिष्यवृत्ती महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळते, पण त्यासाठी तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्था लागतात, त्यातल्या दोन युरोपीय संघाच्या किंवा त्याच्याशी संलग्न देशांतल्या. म्हणजे ही वाट धरली की भागीदार तीन होतात, आणि वरचं ३० टक्क्यांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. दोन्ही हिशोब एकाच कागदावर शेजारी ठेवून बघा. शिष्यवृत्ती नसेल तर तिकडच्या एका सत्राचा खर्च विदर्भातल्या शेतकरी घरातल्या मुलीला झेपणार आहे का, हे स्वतःला विचारा. झेपणार नसेल आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल, तर आपल्या बाजूने फक्त शहरातल्या पैसेवाल्यांची मुलं जातील. बोर आणि फरदड ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे तीच मुलं मग वर्गात नसतील, आणि नागपूरच्या सत्राचा अर्धा जीव तिथे जाईल.

शिक्षक हा सगळ्यात हळू भरणारा साठा आहे. दोन चांगले सिस्टिम डायनॅमिक्स शिक्षक तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण म्हणजे मॉडेलिंगचं शिक्षण, असं धरून चालू नका. व्हेन्सिम या सॉफ्टवेअरची शिकण्यासाठीची आवृत्ती विनामूल्य मिळते, स्टेला आहे, पायथॉनमध्ये चालवायची सोयही आहे. बाण कसे ओढायचे हे विद्यार्थी दोन दिवसांत शिकतो. मॉडेल तपासायला शिकवणारा माणूस लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याचं संत्र्याचं मॉडेल दिसायला फार सुंदर होतं. मी पाऊस शून्य ठेवायला सांगितला. सलग दहा वर्षं पाऊस शून्य, आणि बाग भरभरून फळ देत राहिली, कारण बोरचं पाणी कुठल्याच साठ्यातून येत नव्हतं. एककं जुळतात का, टोकाच्या परिस्थितीत मॉडेल शहाणपणाने वागतं का, हे रोज विचारणारे शिक्षक नसतील तर प्रबंध नुसती चित्रं होऊन बसतील. म्हणून पहिल्या वर्षी पदवी सुरू करू नका. तुमचे दोन शिक्षक भागीदाराकडे एक सत्र पाठवा, त्यांचे दोन इकडे बोलवा, आणि एक दहा दिवसांची कार्यशाळा काटोल किंवा वरुडला घ्या.

त्या कार्यशाळेत नायमेखनची रीत वापरा. बागाईतदार, बोरवाला, कृषी सहाय्यक, व्यापारी, भूजल विभागातलं कुणीतरी, सगळे एका भिंतीसमोर. भिंतीवर चिठ्ठ्या मराठीत. आम्ही पहिल्यांदा इंग्रजीत केल्या आणि अर्धी खोली गप्प बसली. मराठीत केल्या तेव्हा एका आजोबांनी उठून आमचा एक बाण उलटा करून दाखवला, आणि बरोबर तेच होते. परदेशी विद्यार्थ्याची जोडी इथल्या विद्यार्थ्याशी लावा. भाषांतरासाठी नुसता दुभाषा देऊ नका, दोघांचं मॉडेल एकच असू द्या. आणि सत्र संपताना ते मॉडेल त्याच लोकांसमोर, त्याच खोलीत, मराठीत मांडलं गेलं पाहिजे, हे मूल्यमापनात लिहा. आम्ही त्याला २० टक्के गुण ठेवले. भागीदाराला सुरुवातीला ते जास्त वाटलं, पण पहिलं सादरीकरण पाहून त्यांनी स्वतःच ती अट आपल्याकडच्या सत्रात घेतली.

तर येत्या विद्या परिषदेआधी करारावर सह्या हव्याच, असा आग्रह वरून झाला तर दोन पानी इरादापत्रावर थांबा. त्यात तीनच गोष्टी घ्या: शिक्षकांची अदलाबदल, एक कार्यशाळा, आणि दोन्हीकडून दोन-दोन विद्यार्थ्यांचे सहमार्गदर्शनाचे प्रबंध. हे एक वर्षात होण्यासारखं आहे आणि त्याला पदवीच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. प्रबंधाचे विषय लिहून काढाल तेव्हा मला दाखवा. वरुडकडच्या त्या काकांशी माझं अजून बोलणं असतं, आणि जानेवारीत तोडीच्या आधी त्यांना थोडी सवड असते.